उपकरण सापडले नाही

रात्री कधीतरी ते आलं.
मी झोपलो होतो, पुस्तकला झोपली होती,
कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.
सकाळी दूध तापत ठेवून
सवयीनं मोबाइलवर बोट ठेवलं,
तर ओसरीतला डबा गप्प,
सांदवाडीतला गप्प,
आणि पडद्यावर शुद्ध सरकारी मराठीत:
उपकरण सापडले नाही.

अरे, समोर खुंटीला तर टांगलं आहे.
बारा वर्षं तिथंच आहे.
त्याच्या डोक्यावर दर उन्हाळ्यात
कुंभारीण मातीचं घर बांधते.
तिला सापडतं.

चुलबंदीच्या काठच्या धानगिरणीत
एकतीस वर्षं मी पट्टे चढवले.
आमचा हलर माझ्या जन्माआधीचा.
त्याला गोंदियाचं बेअरिंग बसायचं, नागपूरचं बसायचं,
एका साली तर सुतारानं बाभळीचा ठोकळा ठोकून
अख्खा हंगाम काढून दिला.
पुलीनं पट्ट्याला कधी विचारलं नाही
तू कितव्या आवृत्तीचा.

गिरणी सुटली तेव्हाच्या पैशांतून हे तीन डबे.
बहिणीच्या भोजराजनं जोडून दिले.
ढोलीमागं जुना कॉम्प्युटर,
त्याच्या पोटात माझ्या सगळ्या कॅसेटी:
मंडईच्या रात्रीची नाटकं, दंडारी,
बांबूला माईक बांधून मीच भरलेली,
आणि एका कॅसेटीत पाऊण तास
नुसता गॅसबत्तीचा सूं आवाज,
कारण नायिका वडशाहून पोचलीच नव्हती.
तेही मी पुसलं नाही.

भोजराज आता हिंजवडीत.
फोनवर म्हणाला, "मामाजी, कंपनीनं पाठिंबा काढला."
मला वाटलं ग्रामपंचायतीचं बोलतो.
"बिघडले का डबे?"
"नाही जी, बिघडले नाहीत."
"मग?"
बराच वेळ त्याच्या खोलीतला पंखा ऐकू आला.
"शेवटचा अपडेट टाकला त्यांच्यात.
आता ते जुन्याशी बोलत नाहीत."

दोन दिवस मी एक डबा उघडून बसलो.
पट्टा नाही, वंगण नाही.
एक हिरवी पाटी,
तिच्यावर बांध्यांसारख्या बारीक रेषा.
पाणी कुठं अडलं ते दिसेना.

तिसऱ्या दिवशी पुस्तकला म्हणाली,
"रांधणीतला पाह्यला का?"

रांधणीतला बंदच होता.
जवसाची चटणी वाटायला
तिनं पोळ्यालाच त्याची पिन काढली होती,
मिक्सरची लावली, ती तशीच राहिली.
अपडेट आलं त्या रात्री
हा घरी नव्हता म्हणायचा.

भोजराजनं फोनवर एकेक अक्षर सांगितलं,
मी एका बोटानं दाबलं,
कॉम्प्युटर मागच्या महिन्यात गेला.
मग नेटची तार मी उपटली,
गुंडाळून कोनाड्यात, सुतळीशेजारी.

आता ऐकायचं तर रांधणीत.
पाटावर बसायचं, लसूण सोलायचा,
धुरानं डोळे चुरचुरतात.
एक्याण्णवच्या कॅसेटीत, दुसऱ्या अंकात,
राजा मरायच्या जरा आधी
पेटी एकदम थांबते, कोणीतरी खोकतं,
आणि भोंग्यातून आवाज येतो:
"पांढरा बैल सापडला आहे,
डावा शिंग मोडका.
कोनाचा असन त्यानं मंडपामांगं यावं जी."
पेटी पुन्हा सुरू होते.
राजा मरतो, टाळ्या पडतात.

ओसरीत हे कधी नीट ऐकू यायचं नाही,
रस्त्यावर ट्रॅक्टर असायचे.

पुस्तकलाचा हात लसणावर थांबतो.
"आला असन का कोनी?"
मी आवाज थोडा वाढवतो.