डाव्या बाजूचं हँडल

चार मिनिटं अकरा सेकंद.
एवढीच दिसते गाडी त्या जुन्या पिक्चरात
आणि मी ती बघत आलोय तीन वर्षं,
लेथ बंद करून, चहा निवत ठेवून,
बायकोच्या भाषेत, देव दिसल्यागत.

उद्यमनगरात माझं शेड.
इथं कुणी विचारत नाही, कशाला करतोस.
विचारतात, किती सूत कमी करू?

पहिला दिवा मिरजेला सापडला,
सतारी करणाऱ्याच्या ओट्यावर उलटा,
आत सरस कालवलेला.
देणार न्हाई म्हणाला.
त्याच्या खुंट्यांना पितळी टोप्या करून दिल्या चोवीस,
दिवा सुटला.
भोंगा गडहिंग्लजच्या बाजारात,
रबरी फुगा उंदरांनी खाल्लेला.
स्टिअरिंग निपाणीत, तंबाखूच्या वखारीमागं,
हौदाच्या कॉकला वेल्डिंग मारून बसवलेलं.
उजवीकडं फिरवलं की पाणी यायचं.
वखारवाल्यानं पैसे घेतले नाहीत, म्हणाला,
कॉक तेवढा दुसरा बसवून द्या.

पुढची जाळी मात्र कुठंच नाही.
शेवटी शिरोलीच्या फौंड्रीत
रावसो मगदूमनं सागवानात पॅटर्न कोरला
थांबवलेल्या पडद्यावरची सावली बोटानं मोजत.
पहिलं ओतीव फुटलं. दुसऱ्यात भोकं.
तिसरं वाळूतनं वर आलं, दात विचकून हसल्यागत,
तेव्हा पहाटेचे चार,
आणि आख्ख्या कोल्हापुरात
कटवड्याचं एक दुकान उघडं नव्हतं.

राहिलं डाव्या बाजूचं हँडल.
फ्रेम पुढं केली, मागं केली.
गाडी येते, वळते, थांबते,
हिरो उतरतो, हिरॉइन रुसते,
डावी बाजू काही दिसत नाही.
उजव्यासारखंच असणार, रावसो म्हणाला.
असणार म्हणजे काय, मी म्हणालो.
दोन दिवस बोललो नाही आम्ही.

मग कुणीतरी पत्ता दिला,
मंगळवार पेठ, बाळेखान शिकलगार, वय एक्याण्णव,
स्टुडिओत तेव्हा सेटिंगवरचा पोरगा.
मी मोबाइल त्यांच्या डोळ्यांशी धरला.
बराच वेळ बघितलं. मग खोकल्यासारखं हसले.

"डावी बाजू?
आरं, डावी बाजू नव्हतीच.
पंचगंगेच्या पुलावर ठोकलेली गाडी ती, भंगारात घेतलेली.
डावीकडनं नुसतं किलतान लावल्यालं.
म्हणून तर बघ की,
सारखी हिकडनं तिकडंच जातीया. परत कधी आलीया का?"

नव्हती आली.
तीन वर्षांत माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"आणि रंग, चाचा?"
"उरल्याला. दार पोपटी, बॉनेट पिवळं,
मागं देवळाचा शेंदरी.
काळ्या-पांढऱ्यात काय, समदं राखीच."

घरी येताना रंकाळ्यावर बसलो.
खिशात हँडल होतं,
सांगलीच्या भंगारवाल्याकडनं अकराशेला आणलेलं,
उजव्याचंच जुळं.
खरी गाडी करायची तर हे फेकायचं.
गाडी खरी करायची तर हे लावायचं.
हा हिशेब लेथवर बसत नव्हता.

लावलं.
रंग दिला गडद निळा. का, ते विचारू नका.

रविवारी गाडी शेडबाहेर काढली.
इंजिन पहिल्या सेल्फला चालू.
दीड वर्षं पिस्टनमागं घालवली होती,
डोळ्यांत पाणी आलं, धूर म्हणून पुसलं.
चाचांना रिक्षानं आणलेलं.
डावं दार उघडून धरलं मी त्यांच्यासाठी,
त्यांनी हँडलवर अंगठा फिरवला,
बरं हाय, म्हणाले,
आणि बसले नाहीत.
काठी रावसोकडं देऊन
हळूहळू गाडीच्या मागं गेले,
डिकीवर दोन्ही पंजे टेकले,
पाय रोवले.

"इंजिन बंद कर जरा," म्हणाले,
"ह्याच्यात इंजिन नव्हतं.
आम्ही चौघं होतो."