डावा कान

चरईतल्या इनास परेराच्या मागच्या पडवीत
ती बत्तीस वर्षं उभी होती, कोंबड्यांच्या हवाली.
एमजी. एकावन्नचं मॉडेल. दोन सीटा, डोक्यावर काही नाही.
भंगाराच्या भावात दिली त्याने,
वजन करून नव्हे, डोळ्यांच्या अंदाजाने,
वर एक अट: हॉर्न बदलायचा नाही.

टेम्पोत घालून वागळे इस्टेटला आणली.
रोड नंबर सोळा, जिथे आमची कंपनी होती
आणि आता एका गाळ्यापुरता मी.
एकतीस वर्षं पॉवर प्रेसवर होतो.
डावा कान तिथेच राहिला,
फंडात धरला नाही कुणी.

पहिला नट सुटला आणि मला हसू आलं:
डोकं इंचाचं, आटे मिलिमीटरचे.
साहेबाने कधीतरी फ्रेंचाकडून उचललं असणार,
आणि घरच्या पान्यांची लाज राखायला
वरून आपली टोपी घातली.
बॅटरीचा प्लस बॉडीला.
तीन दिवस मी उलटा विचार करायला शिकलो.

पुस्तकात लिहिलं होतं, दाराची चौकट: अ‍ॅश.
मी वाचलं, राख.
पत्रा उचलला तर खरोखर राखच,
वाळवीने मन लावून केलेली.
ते झाड आपल्याकडे होत नाही म्हणाले,
म्हणून दिवा कोळीवाड्याहून हसुराम मढवी आला, होड्या बांधणारा.
त्याच्या होड्या आता खाडीत कमी, हॉटेलांच्या दारात जास्त.
गाडीभोवती दोन फेऱ्या मारून विचारलं,
"हिला पानी किती लागतं?"
मग वखारीत अर्धा दिवस बाभळी चाळत बसला.
"लाकूर वाकवाचा नाय," म्हणाला, "वाकलेला शोधाचा."
दाराचं वळण त्याला एका फांदीत तयार सापडलं.

हूड शिवला अन्सारने, जो रिक्षांचे शिवतो.
मापं घेताना सवयीने म्हणाला, मागे काय लिहू?
काही नको म्हटलं.
तरी आतल्या शिवणीत, कुणाला दिसू नये अशा जागी,
पिवळ्या दोऱ्याचा एक बदाम निघालाच.

राहिले कार्बोरेटर. दोन.
दोघांनी सारखा श्वास घ्यायचा, नाहीतर गाडी लंगडते.
रबरी नळीचं एक टोक त्यांच्या तोंडाशी,
दुसरं आपल्या कानाशी.
हा किती ओढतो. तो किती ओढतो.
माझ्या उजव्या कानाला दोन्ही सारखेच,
आणि गाडी लंगडी ती लंगडीच.
आठवडा गेला.
हाही कान निघाला की काय,
हे मी कुणाजवळ बोललो नाही.

हसुरामची नात करिष्मा डबा घेऊन आली.
नळी तिच्या हातात दिली.
तिने डोळे मिटले, एकदा इथे, एकदा तिथे,
पुन्हा इथे.
"मागचा पोहून आल्यासारखा घेतोय," म्हणाली,
"पुढचा नुसता बसलाय."
मी स्क्रू पाव आटा फिरवला.
"अजून."
त्याच्या निम्मा.
"बास."
पाय टेकवावा तसं इंजिन जागेवर आलं.
डब्यातली निवटी गार झाली होती,
तशीच खाल्ली, उभ्याने,
ग्रीसच्या हातांनी.

कागद अजून आरटीओत, इनासच्या बापाच्या नावावर.
तरी रविवारी पहाटे काढली.
आधी चरईत हॉर्न वाजवला.
इनास बनियनवर खिडकीत आला,
हात वर केला, तसाच धरून ठेवला,
मग आत गेला. दिवा लावला नाही.

कोलशेत रोडला हूड मागे टाकला.
मैलांचा काटा तिसाच्या आसपास चाचपडत होता.
करिष्मा माझ्या डावीकडे.
काहीतरी म्हणाली,
बराच वेळ म्हणत होती,
हात खाडीच्या दिशेने.

डाव्या कानात वारा शिरला.
आवाज नव्हता त्याला.
गार होता.

मी म्हटलं, हो.