खूण

रात्री भांडी पालथी घातली, की चटईवर पडते
आणि लाँच आत आणते.
रोज. डोळे मिटून.
दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी, वाळूच्या दांड्याबाहेर
इंजिन मंद करते, तीन लाटा जाऊ देते,
चौथीच्या पाठीवर सुकाणू जरासं डावीकडे.
तोवर नवरा घोरायला लागलेला असतो.
तोच आवाज मी इंजिनाला लावते.

दिवसा तिकिटं फाडते.
माणशी पंधरा, सायकल दहा, बकरी असली तर भांडण.
अकरा वर्षं झाली.
पिशवीच्या पट्ट्यानं खांद्यावर एक गोरी रेघ पडलीय.

आईचे मामा, केरू तांडेल, सांगायचे,
"दोन खुना धर, बाय. येक जवळची, येक लांबची.
दर्ग्याचा घुमट आनि त्येच्या फुडचा सुरू,
येकामागं येक झाकले, की वाट बरोबर.
दोन दिसले, की तू सरकलीस."
एवढीच त्यांची शाळा.
होकायंत्र होतं त्यांच्याकडे, तंबाखूच्या डबीएवढं,
ते कायम चिपळूण दाखवायचं.

बचत गटात एक बाई आल्या दापोलीहून.
म्हणाल्या, जे व्हायचंय ते रोज एकवीस वेळा लिहा.
"होईन" नाही लिहायचं. "आहे" लिहायचं.
मी उरलेल्या तिकिटांच्या पाठीवर लिहिलं,
मी सारंग आहे. मी सारंग आहे.
सातव्या ओळीला
तिसऱ्यांत वाळू राहावी तसं
काहीतरी दाताखाली करकरलं.
वर केबिनमध्ये तर रोहिदास वणकर बसलेला,
पाय वर घेऊन, सुपारी कातरत.
आणि बंदर खात्याच्या फॉर्मवर
अनुभवाच्या रकान्यात माझ्याच अक्षरात: तिकिटे देणे.

मग वादळात सुरू पडला.
चार दिवसांत लोकांनी लाकूड नेलं,
पाचव्या दिवशी खड्ड्यात पोरं खेळत होती.
घुमट उरला एकटा.
एका खुणेनं दिशा कळते, वाट कळत नाही.
रोहिदास दोनदा दांड्यावर चढला.
दुसऱ्यांदा उतरत्या पाण्यात,
चाळीस माणसं आणि एक नवरी घेऊन.
भरतीची वाट पाहत आम्ही तिथेच बसलो,
नवरीला चक्कर येत होती, मी तिला माझ्यातली भाकरी दिली.

पाणी चढायला लागलं तेव्हा नाळेवर उभी राहिले
आणि मला झाड दिसलं.
भुताटकी नाही हो.
इतक्या रात्री त्याच्यावर सुकाणू लावलंय मी,
ते पडून जाणार कुठे?
वरून तिसरी फांदी, घारीच्या घरट्यानं वाकलेली,
तीसुद्धा.
म्हटलं, रोहिदास, आता डावीकडे घे.
"कशावरून?"
मी बोट केलं.
तिकडे आभाळ होतं नुसतं.
त्यानं आभाळ पाहिलं, मग मला पाहिलं,
अडकित्ता खिशात टाकला
आणि डावीकडे घेतलं.

परीक्षा चैत्रात, रत्नागिरीला.
पास होईन की नाही, ठाऊक नाही.
दिव्यांचे रंग अजून उलटसुलट होतात माझे.
लिहिते मात्र रोज, फक्त वाक्य बदललंय.
"आहे" लिहायला हात धजत नाही,
"होईन" म्हटलं की ते ट्रॉलरसारखं
लांब लांब जात राहतं.
आता लिहिते: मी खूण धरते.
हे करकरत नाही.
हे मी आज सकाळी केलं, साडेसहाच्या फेरीला,
सुट्ट्या पैशांवरून वाद घालता घालता.

काल मात्र मधेच डुलकी लागली.
जाग आली तेव्हा घुमट एकीकडे, झाड दुसरीकडे,
लाँचखाली वाळू.
शेजारी इंजिन चालूच होतं.
कूस बदलली.
लाँच परत बाहेर नेली, दांड्याच्या पलीकडे,
आणि परत मोजायला लागले,
एक लाट,
दोन