नावाखालची जागा

खेतवाडीत आप्पांचं प्रेस आहे.
लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं,
निवडणुकीच्या वर्षी जरा बरे दिवस.
म्हणाले, एवढ्या मोठ्या परिषदेला चाललीस,
शंभर कार्डं छापतो. नाव झालं.
नावाखाली काय?

मी म्हटलं, थांबा.
प्रबंध दिलाय, तोंडी परीक्षा बाकी.
डॉक्टर लिहिता येत नाही,
विद्यार्थिनी लिहवत नाही एकतिसाव्या वर्षी.
फेलोशिप मार्चपर्यंत. म्हणजे पत्ताही मार्चपर्यंत.
आप्पा चष्म्यावरून बघत राहिले.
मग म्हणाले, दगडफूल लिहू?

हसू नका, तोच माझा विषय.
गोड्या मसाल्यातलं ते काळपट, चुरगळलेलं,
आणि त्याची सगळी भावकी
मुंबईच्या हवेत कुठे तग धरून आहे
हे मी सहा वर्षं मोजतेय:
शिवडीच्या दफनभूमीतले दगड,
भायखळ्याच्या बागेतली आंब्याची साल,
गोदीच्या भिंतीचा सावलीतला हात-दीड हात.
मुळं नसतात त्याला. बुरशी आणि शैवाल,
कोण कुणाकडे राहतं हा वाद मिटलेला नाही.
वाढतं, वर्षाला एखादा मिलिमीटर.

कालिना. चहाची सुट्टी.
गळ्यातल्या बिल्ल्यावर मृण्मयीची मृणाल झालेली.
कोपऱ्यात उभी राहू नकोस, बाईंनी बजावलं होतं,
पेपर कोण वाचतं, चेहरा लक्षात राहतो.
बाथरूमच्या आरशासमोर एक वाक्य घोटलं:
सर, तुमचं कोयनेचं काम मी वाचलंय.
सरांनी आधी बिल्ला वाचला, मग चेहरा,
मग माझ्या खांद्यावरून, मागे कोण आलं ते.
हातात अर्धा समोसा. नमस्कारही अर्धाच झाला.

पुढे पाच-सहा जणांचं कोंडाळं, नुसत्या पाठी.
आत कुणीतरी हसलं,
बाहेर मीही हसले.

अकरा कार्डं गेली. त्यातलं एक
तासाभराने दिसलं, चौपदरी घडी होऊन
शेजारच्या पोस्टरच्या डुगडुगत्या पायाखाली.
तुमचंच होय? पोस्टरवाला ओशाळला.
टेबलावर पडलेलं. कागद जाड आहे हो, चांगला.
वडिलांनी छापलंय, मी म्हटलं.
मग तर काढतोच, म्हणाला. मी म्हटलं, राहू दे.

दादाराव मडावी, गडचिरोली.
आमच्याकडे सालीवर वीतभर वाढतं, म्हणाला,
मोजायला कुणी येत नाही.
पोस्टर गुंडाळायला चार हात लागतात,
एकाने धरायचं, एकाने सरकायचं.
आधी त्याचं गुंडाळलं, मग माझं.
नमुने कुठे पाठवू, त्याने विचारलं.

नवं कार्ड काढलं.
नावाखाली आप्पांनी जागा कोरीच ठेवली होती.
तिथे लिहिलं: खेतवाडी, तिसरी गल्ली,
प्रेस, तळमजला.

महिन्याभराने आप्पांचा फोन.
पाकीट आलंय. उघडलं नाही,
नुसता वास घेतला.
लवकर ये गं,
तुझं कुणीतरी आलंय.