दुभाषिणीची पावती

बांजुलहून आलेले साहेब "स्पर्धा" म्हणाले
आणि मी अडखळले.
मंडिंकात त्यासाठी शब्द असेलही,
त्या क्षणी आठवला तो कुस्तीचा.
तोच पुढे केला.

सावरीच्या झाडाखाली, गावाच्या पारावर
चाळीसेक बायका,
बोटांना कांद्याचा न जाणारा वास,
एकदम हसल्या.
"कुस्ती?" तिदा दार्बो म्हणाली.
"कुणाशी?"

साहेबांनी पान उलटलं.
नवा कायदा, खुला बाजार,
संगनमताला दंड,
बायकांना पुरुषांना समान मैदान.
मी एकेक वाक्य उचलून पलीकडे नेत होते,
या बायका विहिरीपासून वाफ्यांपर्यंत
डोक्यावरून पाणी नेतात तसं.
वाटेत थोडं सांडतंच.

"कुस्तीत समोरचा दिसतो तरी," तिदा म्हणाली.
"ढोल वाजतो, तो शड्डू ठोकतो,
कुठल्या गावचा ते सांगतो.
माझ्यासमोर कोण येतं?
लाल जाळीतली पोती,
बोटीतून, माझा कांदा निघायच्या बरोबर आठ दिवस आधी.
सगळे कांदे सारखे,
जणू एकाच आईनं एकाच दिवशी जन्माला घातले.
पोत्यामागे माझ्याहून दोनशे दलासी कमी.
त्यांच्या अंगाला तेल चोळतं त्यांचं सरकार,
आणि घाटावरचे दोन व्यापारी
आदल्या रात्री चहा पिता पिता भाव ठरवतात.
ही नुरा कुस्ती झाली.
सांग त्यांना."

मी सांगितलं.
त्यांनी वहीत लिहिलं: विषय मोठा आहे.

मग अर्ज वाटले.
नोंदणी असेल तर तक्रार करता येते.
व्यवसायाचं नाव.
मालक.
जमीन कुणाच्या नावे.

न्यिमाची जमीन तिच्या दिराच्या नावे.
कुंबाची नवऱ्याच्या,
जो सहा वर्षांपूर्वी होडीत बसला
आणि ज्याचा फोन अजून यायचाय.
पलीकडचा सगळा तुकडा एका म्हाताऱ्याचा,
तो दरवर्षी जमीन परत मागतो,
शेणखत घालून झालं की.
"आणि कर्ज?" तिदानं कागद उलटासुलटा केला.
"त्याचा रकाना कुठाय?
तिथं माझं नाव आहे. पूर्ण.
बापाच्या नावासकट."

साहेब वाईट नव्हते.
त्यांनी टाय सैल केला,
न्यिमाच्या नातवाला पेन खेळायला दिलं,
म्हणाले, मैदान सपाट करायलाच तर आलोय.

हे मला नीट नेता आलं,
एक थेंब न सांडता.
तिदा उठली. वाफ्यांकडे बोट केलं.
"सपाट रानात पाणी साचतं, बाळ. कांदा कुजतो.
उतार लागतोच.
तो कुणाच्या बाजूला आहे, तेवढं बघ."
याचं भाषांतर मी केलं,
पण साहेब तेव्हा घड्याळ बघत होते.

चारला गाडी निघाली.
माझ्या मांडीवर तिदानं दिलेले कांदे,
मातीसकट, काही बोराएवढे, काही मुठीएवढे.
शेजारी साना, फुला भाषेसाठी आणलेला.
फुला बोलणाऱ्या आज दोनच आल्या होत्या,
त्यांतली एक झोपली.

मानधनाच्या पावत्या पुढून मागे आल्या.
सानाची आठशे.
माझी सहाशे.
मी सही केली, सवयीनं,
कागद पुढे दिला.

ब्रिकामाचं वळण आलं,
रस्त्याकडेला लाल जाळीची पोती छातीएवढी रचलेली.
मी हात लांब करून
माझी पावती परत मागितली.

"काही चुकलं का?" साहेब वळून म्हणाले.

कुस्तीचा तो शब्द पुन्हा तोंडाशी आला.
या वेळी समोरचा दिसत होता.