घसारा

चिमणपुऱ्यातली सहा इंची बिडाची लाइन,
माझ्या रजिस्टरात किंमत रुपये एक फक्त.
आयुष्य संपलं की एक रुपया ठेवायचा, असा नियम आहे,
नाहीतर वस्तू आहे हेच विसरायला होतं.
त्या एका रुपयातून रोज पहाटे पाच ते सहा
चारशे अकरा घरांत पाणी चढतं,
पिंपं भरतात, बादल्या वाजतात,
कुणीतरी ओरडतं, मोटर बंद करा की, आमचंही येऊ द्या.

कासचं पाणी उतारानं येतं,
डोंगर फुकट ढकलतो.
पुढचं सगळं आमच्याकडे,
आणि आमच्याकडे अंदाजपत्रक आहे.

त्यात एक लेखाशीर्ष, देखभाल व दुरुस्ती.
यंदा तिथून कमानीला पैसे गेले.
कमानीवर चार नावं, रात्री निळा उजेड.
नव्या टाकीला अनुदान येतं, नारळ फुटतो, फोटो निघतो.
जुन्या जोडात शिसं ओतताना
फोटोला कुणी खड्ड्यात उतरत नाही.

योजनेचा प्रस्ताव मीच टाइप केला.
नव्वद टक्के त्यांचे, दहा आपले.
आपले दहा थकबाकीत आहेत.
थकबाकी सभागृहात बसते,
चहा घेते,
हात वर करून पाणीपट्टीवाढ नामंजूर करते.

जोडपत्र क: वितरण व्यवस्थेचा नकाशा जोडावा.
नकाशा?
साहेब म्हणाले, इलाहीला विचारा.

इलाही शिकलगार, फिटर, एकतीस मेला निवृत्त.
दोनशे सहा व्हॉल्व्ह, सगळे डोक्यात.
रात्री दोनला निघालो, माझ्याकडे वही, त्याच्याकडे सळई.
'हितनं वळती. पुढं थेटर हुतं, तवा त्येला वळसा मारला.
थेटर गेलं, वळसा हाय.'
मी वळसा काढला.
'ह्यो व्हॉल्व्ह डांबराखाली. तीनदा उकरला, तीनदा गाडला.
म्हनलं पंधरा दिस थांबा, लाइन बदलू मग रस्ता करा.
मार्चमधी बिल काढायचं हुतं त्यास्नी.'
मी फुली मारली.

माची पेठेच्या चढावर तो वाकला.
सळईचं एक टोक रस्त्यावर, दुसरं कानामागच्या हाडाला.
डोळे मिटले. एक कुत्रं आलं, बसलं.
'हितं न्हाई. चार पावलं खाली.
बारीक हाय, शिट्टीगत. वरीस झालं आसंल.'
वरीस. मी गुणाकार मांडला, खोडला.
शेजारून गटाराची लाइन जाते, तीही एक रुपयाचीच.
दाब असतो तोवर आपलं पाणी तिच्यात,
दाब उतरला की
तो पुढं बोलला नाही.
मागच्या श्रावणात त्या बोळात सात घरांत कावीळ होती.
ती कुठल्या लेखाशीर्षात घालायची,
कुणी विचारलं नव्हतं.

एकतीसला शाल, नारळ, पाकीट.
चावी त्यानं भांडारात जमा केली, पावती घेतली.
सळई भांडारपालानं घेतली नाही,
नोंदच नाही म्हणाला, जमा कशी करू.
ती इलाहीनंच केलेली, भंगारातल्या एसटीच्या दांड्याची.
मग माझ्या कपाटामागं उभी केली.
'ऱ्हाऊ दे मॅडम. घरी नातू तलवार करतोय तिची.'

प्रस्ताव परत आलाय.
हाताने काढलेला नकाशा ग्राह्य नाही,
अक्षांश-रेखांशासह फेरसादर करावा.

काल रात्री माचीवर गेले.
एक टोक रस्त्यावर, एक कानामागं, डोळे मिटले.
कुणाच्या तरी फ्रिजची घरघर आली,
खोकल्याची एक उबळ,
लांबून कमानीच्या दिव्यांची चरचर.
पाणी नाही.
चार पावलं खाली सरकले.
लोखंड गार होतं,
हाड दुखायला लागलं.
परत दोन पावलं वर.