उघाडी

साखरी नाट्याला, बर्फाच्या कारखान्यावर
सोसायटीची एक खोली आहे.
खाली लाद्या फुटतात, वर सर्व्हर चालतो.
त्याच्या पत्र्याला खाऱ्या वाऱ्याने तांबूस पापुद्रे आलेत.
आत सहाशे बारा बोटींची बिऱ्हाडं:
डिझेलचे कोटे, थकलेले हप्ते, आधारच्या झेरॉक्स,
अंगठ्यांचे ठसे.

बुधवारी रत्नागिरीहून पत्र आलं,
अमुक आवृत्तीत भोक आहे, तातडीने बुजवा.
मी आकडे जुळवून पाहिले.
आमचीच.

पुढचं दार आम्ही नीट राखलं होतं,
पासवर्ड, मोबाईलवर येणारा नंबर, तीन चुका झाल्या की कडी.
पण आठ हजार नऊ नंबरला आणखी एक दार होतं,
कुणी मागितलेलं नाही, कुणी वापरलेलं नाही,
बसवलं त्या दिवसापासून सताड.
तिथे जाऊन फक्त फाईलचं नाव घ्यायचं.
तू कोण, हे विचारायचं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.
मागाल ते वाचून दाखवायचा,
हुशार पोरासारखा, उभं राहून, खणखणीत.

बाबा खारजमिनीच्या बांधावर रोजंदारीला होते.
म्हणायचे, पाणी बांधावरून येत नाही गं,
आपण आपले उंची वाढवत बसतो.
ते येतं कुर्लीच्या बिळातून, करंगळीएवढ्या,
आणि भाताची पानं पिवळी पडतात तेव्हा कळतं.
उघाडीची झडप ओहोटीला उघडते, भरतीला मिटते,
लाकूड असून तिला दिशा कळते.
बीळ मळ्याच्या अंगाने बुजवू नये, चिखल वाहून जातो.
खाडीच्या अंगाला उतरायचं, छातीभर पाण्यात,
पायाच्या अंगठ्याने चाचपत.

म्हणून रात्री साडेअकराला, भरती लागताना,
मी मोबाईलच्या नेटवरून
परक्यासारखी आमच्याच दारात गेले.
सभासदांची यादी मागितली.
दिली.
जिच्यात डेटाबेसचा पासवर्ड असतो ती फाईल मागितली.
तीही दिली.
माझ्याच हातचा पासवर्ड, शेवटी बाबांच्या जन्माचं साल.

नवी आवृत्ती चढवली.
त्या दाराची ओळ शोधून
दोन्ही टोकांना खुणा घालून तिला निजवलं.
पासवर्ड बदलला, साल काढून टाकलं.
सर्व्हर बंद केला, तेव्हा खालचा कंप्रेसर केवढा मोठा ऐकू आला.
परत चालू केला.
परत परक्यासारखी गेले.
कुणी ओ दिली नाही.
तरी दोनदा हाक मारली.

सोपं होतं ते इतकंच.

नोंदी तीस दिवसांनी आपोआप पुसल्या जातात.
जागा वाचावी म्हणून मीच तसं लावलेलं.
तीस दिवसांत सतरा अनोळखी हाका,
त्याआधीची चार वर्षं कोरी.

लतीफशेठ म्हणाले, "बुजलं ना? मग बोभाटा कशाला?
दोन महिन्यांवर निवडणूक आलीय."
मी म्हटलं, बीळ बुजलं शेठ,
आत आलेलं पाणी?
ते चहा ढवळत राहिले.
साखर कधीच विरघळली होती.

नोटीस मीच लिहिली, हाताने.
'गैरसोय' हा शब्द दोनदा लिहून दोनदा खोडला.
बर्फाच्या काउंटरशेजारी चिकटवली.

सकाळी इसाक सोलकर वाचत उभे होते,
ओठ हलवत, पार खालच्या सहीपर्यंत.
मग माझ्याकडे वळून म्हणाले,
"म्हंजे माजो अंगठो कोणी नेलो काय?"
आणि उजवा हात वर केला.
दोरीने घासून गुळगुळीत झालेला अंगठा.
ठसा घेताना चार वेळा दाबावा लागला होता,
मला आठवतं, मशीन नाहीच म्हणत होतं.
"ह्यो बघ. हयच हाय."

मी हसले नाही. तेही नाही.
मागे एक अख्खी लादी गिरणीत पडली
आणि थोडा वेळ
कुणाचं काही ऐकू आलं नाही.